घरच्या घरी सायकलचं चाक बांधणे : मापं, गुंफण आणि ताण

आरेसरळ :

सायकल दुरुस्तीच्या धाग्यावर "चाक घरी बांधता येतं का" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून हा स्वतंत्र धागा. येतं. गुंफण एका संध्याकाळी जमते. कस लागतो तो दोन ठिकाणी : स्पोकची लांबी अचूक काढताना आणि ताण सगळीकडे सारखा बसवताना.

आधी एक गैरसमज दूर करू. चाक सरळ फिरतंय म्हणजे ते नीट बांधलंय, असं नाही. एक स्पोक ढिला, शेजारचा गरजेपेक्षा ताठ, आणि तरी रिम सरळ, असं सहज होऊ शकतं. दिसायला आऊट (चाकाची डुल) शून्य, पण ढिल्या स्पोकचा निपल (स्पोकला रिमशी आवळून धरणारी छोटी नट) हळूहळू सुटत जातो आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत चाक पुन्हा डुलायला लागतं.

स्पोक ओढू शकतो, ढकलू शकत नाही. चाकावर वजन आलं की जमिनीलगतच्या तीन-चार स्पोकचा ताण कमी होतो. तो कमी होऊनही शिल्लक राहील इतका ताण आधीच भरलेला हवा. कमी ताणाच्या चाकात दर फेरीला स्पोक ढिला पडतो, पुन्हा ताणला जातो, आणि हबपाशी (चाकाच्या मधल्या भागापाशी) जिथे तो वाकलेला असतो त्या कोपरात धातू थकतो. म्हणजे "जास्त आवळला म्हणून तुटला" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा कारण उलटं असतं.

आता मापं. उदाहरण म्हणून मागचं ७००सी चाक घेऊ : ३२ भोकं, रिम ब्रेक, हबची लॉकनट ते लॉकनट (अॅक्सलवरच्या दोन्ही टोकांच्या नटांमधली) रुंदी १३० मिमी, तीन आडवे, म्हणजे प्रत्येक स्पोक आपल्याच बाजूच्या तीन स्पोकना छेदून जाणार.

रिमचं माप म्हणजे ईआरडी. एका निपलमध्ये स्पोकचं टोक जिथे थांबायला हवं तिथपासून बरोबर समोरच्या निपलमधल्या तशाच जागेपर्यंतचा व्यास. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. दोन जुने स्पोक आट्यांच्या टोकापासून बरोबर २०० मिमीवर कापा, कापलेली टोकं कानशीने सपाट करा. त्यांवर निपल असे चढवा की स्पोकचं टोक निपलच्या स्क्रूड्रायव्हर-खाचेच्या तळाशी येईल. रिमच्या १ आणि १७ नंबरच्या भोकांत ते घाला, ताणून धरा आणि दोन्ही कापलेल्या टोकांमधलं अंतर मोजा. ते २०२ आलं, तर ईआरडी ६०२. चार वेगवेगळ्या जोड्यांवर हेच करा आणि सरासरी घ्या. जोड्यांत २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर रिम गोल नाही, ती परत करा.

हबवर दोन मापं. फ्लँजवरच्या (हबच्या दोन्ही बाजूंच्या, स्पोकची भोकं असलेल्या चकतीवरच्या) समोरासमोरच्या भोकांमधलं केंद्र ते केंद्र अंतर (इथे ४५ मिमी), आणि हबच्या मध्यापासून प्रत्येक फ्लँज किती लांब. दुसरं थेट मोजता येत नाही, म्हणून लॉकनटपासून फ्लँजपर्यंत मोजायचं आणि निम्म्या रुंदीतून, म्हणजे ६५ मधून, वजा करायचं. डावीकडे २९ आलं, म्हणजे ३६. चेनच्या बाजूला ४५ आलं, म्हणजे २०.

कोन : ३६० × ३ ÷ १६ = ६७.५ अंश. १६ ही एका फ्लँजवरची भोकं. कोसाइन ०.३८२७.

गणित : ३०१ म्हणजे निम्मी ईआरडी, २२.५ म्हणजे फ्लँजवरच्या अंतराचं निम्मं. ३०१ चा वर्ग ९०६०१. २२.५ चा वर्ग ५०६.२५. डावीकडे ३६ चा वर्ग १२९६. तिन्हींची बेरीज ९२४०३.२५. त्यातून २ × ३०१ × २२.५ × ०.३८२७, म्हणजे ५१८३.७ वजा. उरलं ८७२१९.६. वर्गमूळ २९५.३. त्यातून फ्लँजच्या भोकाचा निम्मा व्यास, १.२५, वजा. डावा स्पोक २९४.१ मिमी. चेनबाजूला ३६ च्या जागी २० घातले की २९२.६.

दुकानात २९४ आणि २९२ मागा. अर्धा मिमी कमी चालतो, जास्त असेल तर त्रास होतो. आट्या जेमतेम ९-१० मिमी लांबीच्या असतात. स्पोक लांब असेल तर पूर्ण ताण येण्याआधीच आट्या संपतात, निपल जाम होतो, आणि वाटतं की चाक घट्ट झालं. फार आखूड असेल तर स्पोकचं टोक निपलच्या डोक्यापर्यंत पोचत नाही आणि मग निपल मानेतून तुटतो. दोन्ही बाजूंना एकच लांबी लावून "चालतंय की" म्हणणारे बरेच आहेत. मागच्या चाकाला ते करू नका.

नळस्टॉप३२ :

छान सुरुवात. हत्यारांची यादी आणि पुण्यात काय कुठे मिळेल, तेही इथेच आलं तर बरं.

मुठाकाठ :

हत्यारांवर फार खर्च नको. निपलचा पाना मात्र नेमक्या मापाचा हवा. निपल साधारण ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी अशा तीन मापांत येतात. पार्क टूलच्या पान्यांत ते अनुक्रमे काळा, हिरवा आणि लाल. अनेक खाचांचा गोल पाना स्वस्त असतो, पण त्याची खाच सैल बसते आणि ताण वाढला की निपलचे कोपरे गोल करून टाकते. एकदा गोल झालेला निपल पुन्हा धरता येत नाही, कापून काढावा लागतो.

बाकी : चपटा स्क्रूड्रायव्हर, व्हर्निअर कॅलिपर, ३० सेंमीची स्टीलची पट्टी, कानस, चामडी हातमोजे. हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत होतं. हब, रिम, साधे स्पोक नाना पेठेतल्या सायकल पार्टच्या दुकानांत. जाताना लांबी मिमीत लिहून न्या आणि दुकानातच पट्टीवर चार स्पोक मोजून बघा. मोजायचं ते कोपराच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत, डोक्यापासून नाही.

रिम घेताना इंचावर जाऊ नका, टायरच्या बैठकीचा व्यास बघा. ७००सी आणि २९ इंची दोन्ही ६२२ मिमी. २७.५ म्हणजे ५८४. "२६ इंच" या एका नावाखाली एमटीबीची ५५९ ची रिम येते आणि २६ × १ ३/८ ची ५९० ची पण. एकीचा टायर दुसरीवर बसत नाही.

नवी रिम घरी आणली की स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर आडवी ठेवा. चारी बाजूंनी दाबून बघा, डुगडुगली तर ती मुळातच पिळलेली आहे. स्पोकच्या ताणाने पीळ काढता येतो, पण त्याची किंमत असमान ताणाने मोजावी लागते.

ट्रूइंग स्टँड (चाक सरळ करायची चौकट) नसेल तर सायकल उलटी करा. फोर्कच्या दोन्ही पायांना प्लास्टिकचा केबल टाय बांधा, त्याची शेपटी रिमच्या कडेपासून अर्ध्या मिमीवर कापा. मागे हाच टाय सीट-स्टेला (सीटखालून मागच्या चाकाकडे येणाऱ्या नळीला). डोळ्यापेक्षा कानाने कळतं : रिम लागली की टायचा खर्र आवाज येतो.

पंक्चरप्रवीण :

आटी आणि निपलच्या बैठकीला तेल लावता की काही चिकटवणारं? थ्रेडलॉकर लावला तर निपल सुटणारच नाही ना?

मुठाकाठ :

थ्रेडलॉकर नको. बांधतानाच दोनशे-तीनशे वेळा निपल फिरवायचा असतो, आणि पुढे दोन वर्षांनी आऊट काढायची वेळ आली की अडकलेला निपल स्पोकलाच पिळतो. ताण पुरेसा असेल तर निपल आपोआप सुटत नाही. सुटतो तो ढिल्या बाजूचा, म्हणजे मागच्या चाकात डावीकडचा.

अळशीचं तेल लावा. बांधताना वंगणाचं काम करतं, नंतर हवेने सुकून चिकट होतं आणि निपलला जागेवर धरतं. जुने चाक बांधणारे हेच वापरत. खाण्याच्या घाण्याच्या तेलाला सुकायला फार दिवस लागतात, त्यापेक्षा रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल घ्या. स्पोकच्या आट्या वाटीत बुडवा आणि निथळू द्या. रिमच्या प्रत्येक भोकात, निपल टेकतो तिथे, साध्या तेलाचा एक थेंब. हा थेंब विसरलात तर शेवटच्या टप्प्यात निपल रिमला खरवडत फिरतो आणि पान्याखाली नेमका ताण कळत नाही.

तेल लागलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

निपल पितळीच घ्या. अॅल्युमिनियमचे हलके असतात, पण स्टेनलेस स्पोक, अॅल्युमिनियम निपल आणि आपला चार महिन्यांचा ओलावा एकत्र आला की गंजून निपल तिथेच रुततो.

गुंफणकार :

गुंफण लिहितो. वरच्याच उदाहरणातलं मागचं चाक, ३२ भोकं, तीन आडवे. पहिला स्पोक चुकला की सगळं चुकतं, म्हणून सावकाश.

रिम मांडीवर घ्या, जी बाजू चेनकडे येणार ती आपल्याकडे, व्हॉल्व्हचं भोक वर. रिमची भोकं एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित सरकलेली असतात. चेनच्या फ्लँजचे स्पोक आपल्याकडे सरकलेल्या भोकांत, डाव्या फ्लँजचे पलीकडच्या.

पहिला गट : चेनच्या फ्लँजमध्ये बाहेरून आत, एकाआड एक भोकात, ८ स्पोक. डोकी बाहेर दिसतील, स्पोक फ्लँजच्या आतून जातील. यातला पहिला स्पोक व्हॉल्व्हच्या उजवीकडच्या पहिल्या अशा भोकात घाला जे चेनबाजूचं आहे. रिमच्या छिद्रणानुसार ते व्हॉल्व्हला लागून असेल किंवा एक सोडून. पुढचे सात प्रत्येक चौथ्या भोकात, मधे तीन रिकामी. निपल फक्त दोन आटे.

दुसरा गट : चाक उलटं करा. डाव्या फ्लँजची भोकं उजव्या फ्लँजच्या भोकांच्या बरोबर समोर नसतात, अर्ध्या पावलाने सरकलेली असतात. एक सुटा स्पोक अॅक्सलला समांतर धरून पहिल्या स्पोकच्या भोकाजवळून पलीकडे न्या, तो दोन भोकांच्या मधे टेकेल. आता व्हॉल्व्हपासून मोजताना पहिल्या स्पोकने पहिलं भोक घेतलं असेल तर डावा सोबती दुसऱ्या भोकात, त्याने दुसरं घेतलं असेल तर डावा पहिल्या भोकात. रिमवर सोबती ज्या बाजूला सरकला, हबवरही त्याच बाजूचं भोक घ्या. दोघे समांतर दिसले पाहिजेत. एकमेकांना छेदत असतील तर हबवरचं भोक चुकलं. हेही ८ स्पोक बाहेरून आत.

आता चेनबाजू पुन्हा आपल्याकडे आणि हब घड्याळाच्या दिशेने फिरवा, जाईल तितका. पहिला स्पोक व्हॉल्व्हपासून दूर झुकायला हवा. व्हॉल्व्हवरून आडवा येत असेल तर इथेच थांबा. आत्ता खोलणं दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरा गट : चेनच्या फ्लँजच्या उरलेल्या भोकांतून आतून बाहेर, ८ स्पोक. प्रत्येक स्पोक उलट दिशेला वळवायचा. पहिल्या दोन छेदांत तो बाहेरून जातो, तिसऱ्या छेदात आतून, त्या स्पोकच्या खालून ओढून घ्यायचा. मग आपल्या बाजूच्या रिकाम्या भोकात. खालून नेताना स्पोक सौम्य कमानीत वाकवा, एका जागी मुरडू नका. मुरड पडली तर तो स्पोक बाद.

चौथा गट डावीकडे तसाच.

झाल्यावर बघा : व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे स्पोक जवळजवळ समांतर आहेत आणि पंपाचं तोंड आत जाईल इतकी मोकळी जागा आहे. प्रत्येक स्पोकला तीन छेद आहेत. आणि बाहेरून निघणारे स्पोक फ्लँजपासून फुगून उभे असतील तर अंगठ्याने कोपरापाशी दाबून फ्लँजला चिकटवा. हे दाबणं फार लोक सोडून देतात. फुगलेला कोपर वापरात हळूहळू बसत जातो, ताण सुटतो, आणि महिन्याभरात चाक आऊट.

नळस्टॉप३२ :

तिसऱ्या छेदात आतून कशासाठी? तिन्ही बाहेरून ठेवले तर गुंफण सोपी होईल.

गुंफणकार :

छेदापाशी दोन स्पोक एकमेकांना दाबून ठेवतात. वजनाखाली एक ढिला पडायला लागला की दुसरा त्याची थोडी ढिलाई खाऊन टाकतो, त्यामुळे निपल सुटायचं प्रमाण कमी होतं. शिवाय मागे चेनबाजूचे बाहेरचे स्पोक आत ओढले जातात आणि डिरेलरच्या (गियर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) पिंजऱ्याला थोडी जास्त जागा मिळते.

आरेसरळ :

ताणाकडे वळू.

सुरुवातीला सगळे निपल एकाच ठिकाणी आणा : आट्या निपलमध्ये नुकत्याच दिसेनाशा होईपर्यंत, स्क्रूड्रायव्हरने. इथून पुढे प्रत्येक निपलला सारखे फेरे. २ मिमी स्पोकच्या आट्या इंचाला ५६, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात स्पोक सुमारे ०.४५ मिमी आखडतो. व्हॉल्व्हपासून सुरू करा, व्हॉल्व्हपाशी संपवा, म्हणजे मोजणी चुकत नाही.

दिशेचा घोळ सगळ्यांचा होतो. टायरच्या बाजूने, स्क्रूड्रायव्हरने बघताना घड्याळाच्या दिशेने आवळतो. पाना मात्र आपण हबच्या बाजूने धरतो, तिथून तेच फिरवणं उलटं दिसतं. गोंधळ झाला तर मनात स्क्रूड्रायव्हर निपलच्या डोक्यात घालून बघा.

अर्धा-अर्धा फेरा देत जा. स्पोकला थोडा जीव आला की दुरुस्ती सुरू करा, आणि क्रम असा : आधी उंचवटा-खोलगट, म्हणजे चाक गोल आहे का. मग डावी-उजवी डुल. मग डिश. मग सगळ्यांना पाव ते अर्धा फेरा, आणि पुन्हा पहिल्यापासून. ताण कमी असतानाच गोलाई साधून घ्या, शेवटी ती हलत नाही. उंचवट्यावर एकच स्पोक आवळू नका, तिथले डावे-उजवे मिळून दोन ते चार घ्या. डुलीसाठी रिम जिकडे गेली तिकडचे पाव फेरा ढिले आणि समोरचे पाव फेरा घट्ट, म्हणजे गोलाई बिघडत नाही. रिमच्या सांध्यावर बारीक उंचवटा राहतोच, त्याच्या मागे लागून ताण बिघडवू नका.

डिश म्हणजे रिम दोन्ही लॉकनटच्या बरोबर मध्ये आणणं. दोन्ही फ्लँजच्या मध्ये नव्हे. डिश गेज नसेल तर एकसारखे तीन स्टीलचे डबे, किमान १० सेंमी उंच, ओट्यावर ठेवा, त्यांवर रिम टेकवा, खालच्या लॉकनटपासून ओट्यापर्यंत पट्टीने मोजा. चाक उलटं करून पुन्हा मोजा. जो फरक येईल त्याच्या निम्मी चूक आहे. कॅसेट (मागच्या गियरच्या चक्र्यांचा गठ्ठा) काढून ठेवा, नाहीतर मधे येते.

शेवटी चेनबाजूला साधारण १०० ते १२० किलो ताण. रिमवर कमाल मर्यादा दिली असेल तर ती पाळा, तिच्या वर गेलात तर निपलच्या भोकाभोवती रिमला तडे जातात. डावीकडचा ताण आपण ठरवत नाही, हबची भूमिती ठरवते : २० भागिले ३६, म्हणजे चेनबाजूच्या सुमारे ५६ टक्के. उजवीकडे ११५ असतील तर डावीकडे ६४ च्या आसपास. डावीकडे ९० करायला गेलात तर रिम डावीकडे जाईल.

ताण वाढला की आणखी एक गोष्ट. निपल फिरवताना स्पोक त्याच्याबरोबर पिळतो. तुम्हाला वाटतं पाव फेरा आवळला, प्रत्यक्षात त्याच्या निम्माच आवळलेला असतो आणि उरलेला पीळ साठतो. सायकल रस्त्यावर आली की टिंग-टिंग आवाज करत तो पीळ सुटतो आणि चाक आऊट. म्हणून पाव फेऱ्याची गरज असेल तर थोडं पुढे जाऊन तेवढं मागे या. एखाद्या स्पोकवर चिकटपट्टीचा झेंडा लावा, पीळ डोळ्यांनी दिसतो.

सूरपेटी :

ताणमापक नसेल तर कान वापरा. पार्क टूलचा टीएम-१ चांगला आहे, पण सारखेपणा तपासायला कानही तितकाच पक्का.

प्रत्येक स्पोक रिम आणि शेवटचा छेद यांच्या मधोमध नखाने छेडा. एका बाजूचे सोळाही एका सुरात हवेत. सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. म्हणजे पेटीवरची एक पट्टी, अर्धा स्वर, वर गेला तर ताण सुमारे १२ टक्के जास्त. ताण दुप्पट झाला की सहा पट्ट्या. एका बाजूचे सगळे स्पोक एका पट्टीच्या आत बसले तर ते उत्तम चाक आहे. दोन पट्ट्यांचा फरक दिसला तर तिथे नक्की काहीतरी चुकलंय.

वरच्या उदाहरणातले ५६ टक्के सुरात मांडा : बरोबर पाच पट्ट्यांचं अंतर येतं. डावी बाजू सा धरली तर चेनबाजू शुद्ध मध्यमावर. दोन्हीकडे एकाच जाडीचे स्पोक आणि छेड एकाच जागी, एवढी अट. सा-म लागला आणि रिम मध्यावर असली की डिश आणि ताण दोन्ही जुळले.

ज्याला सुराची सवय नाही त्याने मोबाइलवर ट्यूनर लावावा. मात्र सूर फक्त तुलना सांगतो. पूर्ण ताण किलोत किती, हे मापकानेच कळतं, किंवा जवळ एक नीट बांधलेलं, तशाच स्पोकचं चाक असेल तर त्याच्याशी जुळवून.

घाटउतार :

ताण पूर्ण झाल्यावर स्पोक दाबून घेणं कुणी लिहिलं नाही, ते फार महत्त्वाचं. चामडी मोजे घाला, एका बाजूचे दोन समांतर स्पोक मुठीत धरा आणि जोर लावून दाबा. दोन्ही बाजू, पूर्ण चाकभर. कोपर फ्लँजमध्ये बसतात, निपल बैठकीत बसतात, वाकवताना धातूत राहिलेले अंतर्गत ताण जातात. यानंतर चाक थोडं आऊट होणारच. पुन्हा सरळ करा, पुन्हा दाबा. दाबूनही हललं नाही की झालं. दाबल्यावर चाक एकदम बटाट्याच्या कापासारखं वाकलं तर त्या रिमच्या सोसण्यापेक्षा ताण जास्त आहे. सगळे अर्धा फेरा ढिले करून पुन्हा सरळ करा.

सहन करण्यासारखी आऊट : डुल अर्धा मिमी, गोलाई अर्धा मिमी, डिश १ मिमीच्या आत. रिम ब्रेकवाल्यांना डुल आणखी कमी हवी, नाहीतर सिंहगड उतरताना ब्रेक धडधडतो.

आणि जुनी रिम पुन्हा वापरणार असाल तर ब्रेकची भिंत आधी बघा. झीज दाखवणारी खाच किंवा टिंब पुसलं गेलं असेल, किंवा भिंतीवर नख फिरवून खोलगटपणा लागत असेल, तर त्या रिमवर नवे स्पोक वाया घालवू नका. पावसात वाळू आणि चिखल ब्रेकच्या रबरात अडकतात आणि रिम कानशीसारखी खातात.

डिस्कवाल्यांसाठी : पुढच्या चाकालाही डिश येते, कारण डावी फ्लँज रोटरला (ब्रेकच्या चकतीला) जागा देण्यासाठी आत सरकलेली असते. तिथे डावीकडे ताण जास्त. आणि डिस्कच्या चाकाला आडवे न घेता सरळ हबमधून स्पोक लावू नका. ब्रेकचा पीळ हबमधून रिमपर्यंत पोचवायला आडवी गुंफणच लागते.

पेठकरी :

जुन्या काळ्या रोडस्टरचं मागचं चाक बांधायचं आहे. ४० भोकं. तीन आडवेच का?

गुंफणकार :

चार. या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० ही ब्रिटिश पद्धत आपल्याकडेही राहिली. ४० भोकांत एका फ्लँजवर २०, त्यामुळे चार आडव्यांचा कोन ३६० × ४ ÷ २० = ७२ अंश, कोसाइन ०.३०९. बाकी गणित तेच. छेद चार, पहिले तीन बाहेरून, चौथा आतून. टायर २८ × १½ असेल तर बैठक ६३५ मिमी, ७००सी ची रिम चालणार नाही. मागे एकच चक्री, गियरचा गठ्ठा नसल्याने डिश जवळजवळ नाही, दोन्ही बाजूंना बहुधा एकच लांबी येते, तरी दोन्हीकडचं मोजून घ्या.

स्पोकची जाडी बघून घ्या. १४ गेज म्हणजे २.० मिमी, १३ गेज २.३, १२ गेज २.६. निपलही त्याच जाडीचा हवा. जाड स्पोकवर बारीक निपल चढत नाही, आणि उलट केलंत तर निपल आटीवरून निसटतो. फ्लँजची भोकं वापराने लांबट झाली असतील तर डोक्याखाली पितळी वॉशर घाला.

रिमबदल :

फक्त रिम बदलायची असेल, हब आणि स्पोक चांगले असतील, तर सगळं खोलायची गरज नाही. नव्या रिमची ईआरडी जुन्या रिमपेक्षा २ मिमीच्या आत असायला हवी, कारण ईआरडीतला २ मिमी फरक म्हणजे स्पोकमध्ये १ मिमी. भोकांचं छिद्रणही त्याच बाजूने सुरू होणारं हवं. जुन्या चाकाचा ताण आधी सगळीकडे सारखा, एक-एक फेरा करत उतरवा. एका बाजूचा एकदम सोडलात तर रिम पिळते आणि उरलेले स्पोक निपलला अडवून धरतात. मग नवी रिम जुनीला चिकटपट्टीने शेजारी बांधा, व्हॉल्व्हची भोकं समोरासमोर, आणि एकेक स्पोक जुन्या भोकातून काढून नव्यात न्या. निपल मात्र नवे.

हब जुना आणि स्पोक नवे असतील तर फ्लँजवर जुन्या स्पोकने पाडलेल्या खुणा बघा आणि तशीच गुंफण करा. उलट दिशेने गुंफली की दोन खुणा एकमेकींना छेदतात आणि अॅल्युमिनियमची फ्लँज तिथून तडकते.

पंक्चरप्रवीण :

चाक तयार झालं, टायर चढवला, हवा भरली आणि सूर उतरला. काही चुकलं का?

सूरपेटी :

नाही. हवेचा दाब रिमला चहूबाजूंनी आत दाबतो, म्हणून ताण थोडा कमी होतो. ट्यूबलेसमध्ये जास्त जाणवतं. सगळे स्पोक सारखेच उतरले असतील तर हात लावू नका. एखादाच उतरला असेल तर त्याच्या निपलची बैठक बघा. ताणाची मोजणी नेहमी टायर न चढवता करा, म्हणजे तुलना खरी राहते.

आणि टायर चढवण्याआधी, एकेरी भिंतीची रिम असेल तर निपलच्या डोक्याबाहेर आलेली स्पोकची टोकं बोटाने तपासून कानशीने घासून घ्या. मग रिम टेप, निपलची सगळी भोकं झाकेल इतकी रुंद. १०० किमी चालवल्यावर एकदा पुन्हा छेडून बघा, विशेषतः डावीकडचे.